खर्च बिलात दिसतो, फायदा दिसत नाही

वीजकेंद्रांवर धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवली की वीज महागते, म्हणून असे उपाय परवडत नाहीत, असं काही जण म्हणतात. वीज महागते हे खरंच, पण हा हिशेब अर्धाच झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ हवा कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्त्यांचा ताळेबंद २०११ मध्ये मांडला. २०२० सालासाठीचा अंदाज असा: खर्च सुमारे ६५ अब्ज डॉलर, फायदा सुमारे २ लाख कोटी डॉलर. म्हणजे तीसपट! त्यातला बहुतेक वाटा टळलेल्या अकाली मृत्यूंचा. खर्च कंपनीच्या वहीत चढतो. न आलेला दम्याचा झटका कोण नोंदवणार?

शिवाय नुसता टनामागचा खर्च बघू नका, तो धूर किती जणांच्या श्वासात जातो तेही बघा. उंच धुराड्यातला धूर विरळ होत होत लोकांपर्यंत पोहोचतो. चुलीचा धूर मात्र फुंकणी घेऊन वाकलेल्या बाईच्या थेट छातीत जातो, मांडीवरच्या लेकराच्याही. म्हणून तेवढीच काजळी तिथे कमी केली तर जीव कितीतरी जास्त वाचतात. उघड्यावरचे हवाशुद्धी मनोरे याच्या अगदी उलट. त्यांच्यावर पैसा भरमसाट जातो आणि शुद्ध झालेली हवा वाऱ्याबरोबर लगेच आजूबाजूच्या धुरात मिसळते.