मदत हवी आहे: प्रार्थनासभेतली निवडणुकीची 'दर्शनं'

जय ख्रिस्त. कोल्हापुरात आत्याच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत एक भाऊ हल्ली कोण निवडून येणार याची 'दर्शनं' सांगतात, वर अभिषेकाचं तेल विकतात. बायबलमधल्या याकोब ५:१४ मधलं तेल आजाऱ्यासाठी आहे, धंद्यासाठी नव्हे! बायबलमधली अनुवाद १८:२२ (जे भाकीत खरं ठरत नाही ते देवाचं नव्हे) आणि १ योहान ४:१ (आत्म्यांची परीक्षा करा) ही वचनं दाखवून झाली. उत्तर आलं तेही वचनच, 'आत्म्याला विझवू नका' (म्हणजे पवित्र आत्म्याचं काम अडवू नका). अमेरिकेत २०२० ला ट्रम्प जिंकणार म्हणणाऱ्या काही प्रचारकांनी नंतर माफी मागितली, तेही सांगितलं. पाळक (पास्टर) 'बघू' म्हणाले. मत कुणाला द्यायचं हा वाद इथे नको, आणि आत्याला दुखवायचं नाही. 'विझवू नका'च्या पुढे दोनच वचनांवर, १ थेस्सलनीकाकर ५:२१ मध्ये, सगळं पारखायला सांगितलंय. हे सत्तरीतल्या माणसांना पटेल असं कसं मांडू?