प्रतिसाद: चालणं वाढवण्याआधी हे तपासा

वर 'रोज थोडं जास्त चाला, थकवा आपोआप जाईल' असा सल्ला आलाय. लाँग कोविडमध्ये (कोविडनंतर महिनोन्महिने टिकणाऱ्या त्रासात) तो सरसकट देऊ नका, कळकळीची विनंती. अनेकांना श्रमानंतर लगेच काही होत नाही, १२ ते ४८ तासांनी अंग गळून जातं, डोकं चालेनासं होतं आणि ते दिवसचे दिवस टिकतं. त्यामुळे सोमवारच्या चालण्याचा बुधवारच्या थकव्याशी संबंध लक्षातच येत नाही. रोज काय केलं ते वहीत लिहा. फोनवरचं लांबलचक बोलणंही श्रमच. दमायच्या आधी थांबायचं, बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा.

उभं राहिल्यावर धडधड होत असेल तर १० मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून १० मिनिटं दर मिनिटाला मोजा. सोबत कुणीतरी हवंच. चक्कर आली की लगेच आडवं व्हा. रक्तदाब न घसरता नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली (किशोरवयात ४०), तर नोंद डॉक्टरांना दाखवा. अशा धडधडीवर कधीकधी मीठ वाढवायला सांगतात, पण ते मनाने वाढवू नका, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मुळीच नाही. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय.