पोलाद मोडीत काढायला निघालेल्यांना उत्तर

लोहारनातू: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "सिरॅमिकची सुरी घ्या, धार जन्मभर टिकते, पोलाद मोडीत काढा." वाचून डोकंच फिरलं. झिरकोनिया, म्हणजे या सुरीचं सिरॅमिक, कठीण आहे, कठीणपणाच्या मोह्स मापावर 8.5च्या आसपास. पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. माझी सिरॅमिकची सुरी ओट्यावरून पडली आणि टोकाचा नखाएवढा टवका उडाला. साध्या दगडावर तिला धारही लागत नाही, हिऱ्याची चकती लागते. कार्बन पोलादाचं पातं दहा मिनिटं दगडावर घासलं की उभा धरलेला कागद चिरतं.

मुक्ता: ते मीच लिहिलं होतं. सुरी तुम्ही पाडायची आणि दोष तिला? लिंबू चिरून तुमची कार्बनची सुरी तशीच ठेवा, पातं काळं पडतं. आमच्याकडे चारजण सुरी वापरतात. प्रत्येकामागे फडकं घेऊन फिरू का?

साधासरळ: मग स्टेनलेस घ्या ना. साडेदहा टक्क्यांवर क्रोमियम असलं की पात्यावर ऑक्साइडचा थर धरतो, गंज लांब राहतो.

लोहारनातू: स्टेनलेसला धार लागत नाही.

रात्रपाळी: साफ चूक! वीस वर्षं भटारखान्यात उभा आहे. माझं व्हीजी-10 या जपानी पोलादाचं पातं कठीणपणाच्या रॉकवेल मापावर 60चं, तेही स्टेनलेसच. लोक सुरी विजेच्या चाकावर नेतात, तिथेच वाट लागते. ठिणग्या उडतात, धारेवर निळी झाक येते. निळं पडलं म्हणजे पातं 300 अंशांपर्यंत तापलं, पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कठीणपणा गेला. मग कुठलंही पोलाद असो, आठवड्यात बोथट. या चाकवाल्यांनी माझ्या दोन सुऱ्या घालवल्या.

साधासरळ: तोंड सांभाळून बोला. माझे वडील आयुष्यभर चाकावर धार लावत होते. एकेका फेरीनंतर पातं पाण्यात बुडवायचे. पात्याला सतत बोट लावलेलं, चटका जाणवला की चाक थांबलं. त्यांच्या हातून एकही पातं निळं पडलं नाही.

रात्रपाळी: मी कोरड्या चाकाबद्दल बोलत होतो.

साधासरळ: तसं लिहिलं नव्हतंत.

रात्रपाळी: बरं, नव्हतं लिहिलं. तुमच्या वडिलांपुरतं मागे घेतो. कोरड्या चाकाचं घेणार नाही.

लोहारनातू: पाणी नीट दिलेलं असेल तर स्टेनलेसला धार लागत असेल, एवढं मानतो. गंजाची भीती घालून कार्बन टाकायला लावू नका.

मुक्ता: "जन्मभर" हा शब्द मीही काढते. माझ्या सुरीच्या धारेला बारीक खाचा पडल्यात, काल भिंगातून पाहिल्या. मऊ फळांना ती तरीही चालते. हाडाजवळ मात्र नेणार नाही.