गोल्फ: फोर्ज्ड आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याची काठी) म्हणजे ब्लेडच का? हँडिकॅप (खेळाची पातळी, कमी तितकी चांगली) १४, सेट बदलायचा आहे

ग्रीनच्या_पलीकडे: सध्याचा सेट कास्ट कॅव्हिटी बॅक. ७ आयर्नचा लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, कल) २९ अंश, पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांची काठी) ४३. ७ आयर्नची कॅरी (बॉलचं हवेतलं अंतर) १५० यार्ड. बॉल लांब जातो पण ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबत नाही, आणि नीट बसला की नाही ते हाताला कळत नाही. फोर्ज्ड घ्या, फील येईल, असं सगळे सांगतात. पण मग फरगिव्हनेस (चुकलेला फटका सांभाळून घेणं) किती जाईल?

मऊपोलाद: इथे दोन गोष्टींची गल्लत होते. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) आणि कास्ट (साच्यात ओतलेलं) ही बनवण्याची पद्धत. ब्लेड आणि कॅव्हिटी हा आकार. फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक हवे तेवढे मिळतात.

फरगिव्हनेस आकारातून येतो. ब्लेडमध्ये वजन फेसच्या मध्यामागे एकवटलेलं असतं. कॅव्हिटीत मागचं पोलाद काढून हील (दांड्याकडची बाजू), टो (टोकाकडची बाजू) आणि सोलकडे (तळाकडे) नेतात, त्यामुळे बॉल टोला लागला तरी हेड कमी पिळतं आणि अंतर कमी घटतं. कार्स्टन सोल्हाइम यांच्या पिंग कंपनीने हा विचार घराघरांत नेला. १९८२ चे त्यांचे आय-२ आयर्न कास्टच होते.

फीलचं म्हणाल तर त्यातला मोठा वाटा आवाजाचा. कानात बोळे घालून मारून बघा, फोर्ज्ड-कास्टमधला फरक बराच विरघळतो. बॉलही तपासा. कडक आयोनोमर (एक प्लास्टिक) कव्हरचा टू-पीस (दोन भागांचा) बॉल कुठल्याही आयर्नवर दगडासारखाच लागतो.

लॉफ्टवाला: न थांबणाऱ्या बॉलचा फीलशी काही संबंध नाही. बॉल किती उभा उतरतो आणि किती फिरतो, ते बघा. लाँच मॉनिटरवर (बॉलचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या खाली असेल तर ग्रीनवर घरंगळणारच. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत) ७ आयर्नची स्पिन सुमारे ७००० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि उतरण्याचा कोन ५० अंशांच्या आसपास असतो. पारंपरिक ब्लेडच्या ७ आयर्नला ३४ अंश लॉफ्ट. तुमचा २९ म्हणजे जुन्या हिशेबाने जवळजवळ ६ आयर्न! आकडा तेवढा ७ चा.

वेजही मोजा. ४३ नंतर थेट ५६ असेल तर मध्ये १३ अंशांचं भगदाड आहे. ४८ आणि ५२ घेतल्याशिवाय शंभर यार्डांच्या आसपास कंट्रोल येणार नाही, आयर्न कितीही महागडे असोत.

पोकळ बॉडीचे, पातळ फेसचे आयर्न (टेलरमेडचे २०१७ चे पी-७९० त्यातलेच, आत फोम भरलेले) दिसायला ब्लेडसारखे, पण ते मुख्यतः वेग देतात. तुमची तक्रार अंतराची नाहीच, तेव्हा माझ्या मते ते तुमच्यासाठी नाहीत.

ग्रीनच्या_पलीकडे: मग आहे तोच सेट वाकवून ३ अंश कमजोर केला (लॉफ्ट वाढवला) तर?

मऊपोलाद: १७-४ स्टेनलेसचं (कडक पोलादाचं) कास्टिंग असेल तर नको. ते १-२ अंशांपलीकडे ओढलं की होझलला (दांडा बसतो त्या मानेला) तडा जाऊ शकतो. मऊ कार्बन स्टीलचं फोर्जिंग २-३ अंश सहज वाकतं. फोर्ज्डचा खरा फायदा हा. शिवाय लॉफ्ट १ अंश वाढवला की बाउन्सही (सोलचा जमिनीशी कोन) साधारण १ अंशाने वाढतो. उन्हाळ्यातल्या टणक फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) लीडिंग एज (फेसची खालची कड) वर राहते आणि शॉट थिन (कड बॉलच्या मध्याला लागून) जातात.

टो_की_हील: विकत घेण्याआधी फेसवर फूट पावडरचा स्प्रे मारा आणि ७ आयर्नने २० बॉल मारा. १० रुपयांच्या नाण्याएवढ्या वर्तुळात १४-१५ ठसे पडले तर फोर्ज्ड छोटी कॅव्हिटी चालेल. ठसे फेसभर विखुरलेले असतील तर ब्लेडचं नाव काढू नका. मधला मार्ग: ४ ते ६ रुंद सोलच्या कॅव्हिटी, ७ पासून पुढे छोटं हेड. फक्त जोडाच्या जागी लॉफ्टचा फरक ४-५ अंशच ठेवा. दोन मॉडेलांचे आकडे जुळतीलच असं नाही. रुंद सोल पावसाळ्यातल्या ओल्या मातीतही कमी रुततो.

लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) त्याच वेळी बघून घ्या. मार्करने बॉलवर उभी रेघ ओढा आणि ती बाजू फेसकडे ठेवून मारा. ठशाचं वरचं टोक टोकडे झुकलं तर लाय जास्त उभा आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जातो. हीलकडे झुकलं तर उलट.