प्रतिसाद: राजकारण बाहेर ठेवायचं म्हणजे नेमकं काय?

‘लेखक देशोदेशींहून जमले की त्यांनी साहित्यावरच बोलावं, राजकारण बाहेर ठेवावं’ हे वरचं मत मला पटत नाही.

१९६२ साली युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. ‘इंग्रजीतून लिहिणारे’ ही अट तिच्या नावातच होती. केनियाचे लेखक गूगी वा थिओंगो तेव्हा विद्यार्थी. मोजक्या इंग्रजी कथांच्या बळावर ते आत. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतले थोर कवी शाबान रॉबर्ट यांना त्या व्याख्येत जागाच नव्हती. मग राजकारण आणलं कोणी?

कादंबरीकार चिनुआ अचेबे पुढेही इंग्रजीच्या बाजूने राहिले. शेकडो भाषांच्या नायजेरियातून येणारं त्यांचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. पण गूगींचं उदाहरण मनातून जात नाही. १९७७ मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी आली, तीही व्यवस्थेवर तितकीच तिखट. सरकारला खुपलं ते मात्र गावकऱ्यांनी गिकुयू या त्यांच्या मातृभाषेत उभं केलेलं गूगींचं नाटक, कारण ते शेतकऱ्या-कामगारांना थेट कळत होतं. नाटकावर बंदी आली आणि वर्षअखेरीस गूगींना खटल्याविना तुरुंगात टाकलं. तिथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर कादंबरी लिहिली, गिकुयूतच.