‘पासिंग’ वाचनमंडळात घ्यायची आहे: नाव, तू-तुम्ही आणि दोन वेगळे शेवट

टिळकवाडी_वाचन
आमच्या मंडळात बारा जणी आहेत. पुढच्या महिन्यात अमेरिकन लेखिका नेला लार्सनची ‘पासिंग’ (1929) ही कादंबरी घ्यायची आहे. गोऱ्या दिसणाऱ्या निग्रो बायका गोऱ्या म्हणून वावरतात, त्याची ही गोष्ट. क्लेअर आणि आयरीन या त्यातल्या लहानपणच्या ओळखीच्या दोघी, आणि क्लेअर तर गोऱ्या नवऱ्यापासूनही हे लपवून राहते. निम्म्या जणींना इंग्रजी सलग वाचवत नाही, म्हणून निवडक भाग मराठीत करून मोठ्यानं वाचायचे आणि मधलं तोंडी सांगायचं, असं ठरलंय. पण नावाचं काय करायचं? ‘पासिंग’ म्हटलं की बेळगावात पहिला प्रश्न येतो, केए 22 की एमएच 09? शिवाय क्लेअर आणि आयरीन एकमेकींना काय म्हणतील? आणि दोन प्रतींचे शेवट वेगळे निघालेत, एकीत एक परिच्छेद जास्त आहे. खरी कुठली? दोन तासांच्या एका बैठकीत होईल का?

खानापूरकर
एका बैठकीत नाही होणार ओ. तीन भाग आहेत, प्रत्येकी चार प्रकरणं. एका भागाला एक बैठक धरा.

पहिल्या बैठकीत ऐकणाऱ्या बहुतेकींचा काळाचा क्रम चुकतो. कादंबरी सुरू होते न्यूयॉर्कमध्ये, क्लेअरच्या पत्रापासून: जांभळी शाई, परदेशी कागद, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. तिथून गोष्ट दोन वर्षं मागे शिकागोच्या उन्हाळ्यात जाते. हे आधीच सांगितलं नाही तर हॉटेलातली भेट पत्रानंतर झाली असं वाटतं, आणि आयरीन ते पत्र उघडायला का कचरते हे कुणालाच कळत नाही.

नावासाठी ‘जात चोरणे’ लगेच सुचतं, बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मुळे (1963). ते चर्चेत जरूर आणा, शीर्षकात नको. ‘चोरी’ म्हटलं की निकाल आधीच लागला. इथं तर आयरीन स्वतः ड्रेटन हॉटेलच्या गच्चीवर गोरी म्हणून बसून थंड चहा पिते आणि पुढे क्लेअरला दोष देते. मराठीत नेमका शब्द आहे, ‘खपून जाणं’. ‘ती गोरी म्हणून खपून गेली.’ शीर्षक ‘पासिंग’च ठेवा, खाली ही ओळ द्या. गाडीचा विनोद पाच मिनिटांत विरतो.

शहापूर_शब्दकोश
तू-तुम्हीबद्दल. इंग्रजीला हा प्रश्नच नाही, मराठीला टाळता येत नाही. गच्चीवर क्लेअर आधी परक्या बाईसारखी येते, ‘मी तुम्हाला ओळखते असं वाटतं’. आयरीन म्हणते, चूक होतेय तुमची. लगेच क्लेअरच्या तोंडी लहानपणचं हाकेचं नाव येतं, ‘रीन’. त्याच वाक्यात तिला ‘तू’वर आणा. आयरीनला मात्र ओळख पटते ती थोड्या वेळानं, क्लेअरच्या हसण्यावरून. तोवर तिचं ‘तुम्ही’ सोडू नका. एक जण जवळ आलेली आणि दुसरी अजून लांब, हे एवढ्या दोन सर्वनामांवर उभं राहतं.

दुसरी अडचण क्लेअरच्या नवऱ्याची, जॅक बेल्यूची. बायको आपल्या लेखी गोरी, म्हणून तो तिला थट्टेनं ‘निग’ (निग्रोंना दिल्या जाणाऱ्या शिवीचं छोटं रूप) म्हणतो, का तर लग्नानंतर ती सावळी होत चालली आहे म्हणून. त्याचं ‘काळे’ किंवा ‘काळू’ करू नका. आपल्या घरात ते लाडाचं नाव असतं, शिवीची धारच जाते. ‘निग’ तसंच ठेवा. कथन करणारीचा ‘निग्रो’ मात्र त्या काळचा सभ्य शब्द होता, तो बदलून आजचा ‘कृष्णवर्णीय’ घातला की 1929 साल हरवतं.

चहाचा तो प्रसंग पूर्ण वाचा. खोलीत क्लेअर, त्यांची जुनी मैत्रीण गर्ट्रूड, आयरीन, तिघीही खपून गेलेल्या, आणि बेल्यू त्यांच्यासमोर निग्रोंचा द्वेष करत बसलाय. आयरीनला हसू आवरत नाही. ते हसू वाचताना ‘खळखळून’ वगैरे घालाल तर बिघडेल.

निपाणी_ग्रंथवेडा
दोन्ही प्रती खऱ्या आहेत. पहिल्या छपाईत अगदी शेवटी एका अनोळखी माणसाचं बोलणं होतं: अपघाती मृत्यू दिसतोय, वर जाऊन ती खिडकी पुन्हा बघू. तिसऱ्या छपाईत तो परिच्छेद गळला आणि कादंबरी आयरीनच्या डोळ्यांपुढच्या अंधारावर संपू लागली. दोन्ही शेवट वाचून दाखवा. परिच्छेद असला तर चौकशी अजून चालू राहते, नसला तर सगळं आयरीनच्या डोक्यात मिटतं. बैठकीआधी बाराही प्रतींचं शेवटचं पान तपासा, नाहीतर अर्धा तास याच वादात जाईल.

क्लेअर खिडकीतून जाते त्या वाक्याला मराठी चांगली साथ देते. मूळात एका क्षणी ती होती, दुसऱ्या क्षणी नव्हती. ‘पडली’ लिहिलं की अपघात ठरतो, ‘ढकलली’ लिहिलं की खून. ‘गेली’ लिहा. आणि थोडं आधी आयरीन त्याच खिडकीतून विडीचं थोटूक, म्हणजे सिगारेटचं, बाहेर टाकते आणि ठिणगी खालच्या बर्फापर्यंत जाताना बघते. ते वाक्य गाळू नका, सहा मजल्यांची उंची तिथंच मोजून झालेली असते.

हक्कांचं: लार्सन 1964 मध्ये वारल्या. आपल्या कायद्यात मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 1 जानेवारी 2025 पासून मूळ मजकूर मोकळा. भाषांतर छापायलाही हरकत नाही. नव्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपा मात्र उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे.

टिळकवाडी_वाचन
‘गेली’ पटलं. एक जण म्हणतेय, कचेरीत कन्नड बोलून खपून जाणाऱ्या मराठी माणसाशी तुलना करूया. करावी का?

खानापूरकर
दहा मिनिटं करा आणि सोडा. भाषा शिकता येते, घरी आल्यावर मराठी बोललं तर कुणी लग्न मोडत नाही. तिथं रक्ताचा प्रश्न होता. कादंबरीत ऱ्हाइनलँडर खटल्याचा उल्लेख येतो, तो जरूर समजावा: बायकोनं वंश लपवला म्हणून गोऱ्या नवऱ्यानं विवाह रद्द करायला दावा लावला आणि 1925 मध्ये ज्यूरीनं बायकोच्या बाजूनं निकाल दिला. न्यूयॉर्कमध्ये अशा लग्नाला कायद्यानं बंदी नव्हती, म्हणून सगळा दावा फसवणुकीवर उभा होता. बेल्यूला कळलं तर काय, याची भीती त्यावरून नीट कळते.