लालबागच्या आवारात मेळे भरावेत का?

तुकोगंजकर

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचं आवार उत्सव, हस्तकला मेळे, खाण्याचे स्टॉल यांना देणं पूर्ण थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. कारणं मांडतो. ज्यांना पटत नाहीत त्यांनी खोडून काढावीत.

बांधकाम १८८६ मध्ये, दुसऱ्या तुकोजीरावांच्या अखेरच्या काळात सुरू झालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत १९२१ मध्ये पुरं झालं. होळकर कुटुंब १९७८ पर्यंत इथे राहत होतं. पाहायला येणारे नाचघर, संगमरवरी खांब, छतावरची चित्रं बघतात आणि परत जातात. पण लालबाग म्हणजे सुमारे २८ हेक्टरांचं सगळं आवार. इंग्लंडात ओतवून आणलेलं, बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीचं फाटक, नदीपलीकडचा मुदपाकखाना, तिथून जेवण आणण्यासाठीचं भुयार, आणि या सगळ्याला सांधणारी बाग. बाग गेली तर मधे एकटी इमारत उरेल.

मेळ्याने बाग कशी जाते ते सांगतो. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या ३० ते ६० सेंमी मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. जपायचा घेर काढायची सोपी रीत आहे: जमिनीपासून दीड मीटरभर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा आणि त्याला १२ ने गुणायचं. ८० सेंमी व्यासाच्या चिंचेला खोडापासून साडेनऊ मीटर मोकळी जागा हवी. मेळ्यात नेमकी तीच जागा भरते, कारण सावली तिथे असते. ट्रक तिथे, भट्टी तिथे, बाफल्यांसाठी (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी) पेटवलेल्या गोवऱ्यांची रास तिथे, आणि रात्री उरलेलं तेल व उकळतं पाणी बुंध्याशी. चिकणमातीची घनता दर घन सेंमीला १.४७ ग्रॅमच्या पुढे गेली की मुळांची वाढ जवळपास थांबते. झाड त्या वर्षी मरत नाही. चार-पाच वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, आणि तोवर त्या मेळ्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

काळी_माती

तुमचं मुळांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. "माती दबते" हे अर्धंच सांगून झालं. कोणती माती, आणि किती ओली?

माळव्याची काळी माती मे महिन्यात विटेसारखी कडक असते. त्या अवस्थेत माणसांच्या पायांनी ती फारशी दबतच नाही, कारण कण एकमेकांवर सरकायला ओल लागते. शिवाय ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मीटरभर खोल भेगा पडतात, आणि या उलाढालीत वरचा थर बऱ्याच अंशी स्वतःच मोकळा होतो. लाल किंवा रेताड मातीला हे जमत नाही.

मग नुकसान कुठून येतं? टँकरमधून. धूळ उडू नये म्हणून संध्याकाळी मैदानावर पाणी मारतात आणि रात्री त्याच ओल्या थरावरून मालाचे ट्रक फिरतात. यापेक्षा वाईट क्रम नाही. ट्रकच्या धुऱ्यावर १० टन असले तर दाब अर्धा मीटर खाली पोचतो, आणि तिथली माती भेगांनी सहज सुटत नाही, ती दशकानुदशकं तशीच राहते.

म्हणून बंदी मेळ्यावर नको, ओल्या जमिनीवरच्या चाकांवर हवी. चाचणी माळ्यालाही करता येते. १० ते १५ सेंमी खोलीवरची मूठभर माती घ्या, तळहातावर वळून ३ मिमी जाडीची वळी करा. वळी होण्याआधीच तुटली तर जमीन चाकं पेलायला तयार आहे. न तुटता वळली तर त्या दिवशी हातगाडीशिवाय काही आत सोडायचं नाही.

रामबागची_रहिवासी

मेळे बंद करा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इंदुरातली हजारो मुलं लालबागेत पहिल्यांदा पाऊल टाकतात ती मेळ्यासाठीच. राजवाड्याचं तिकीट काढून येणारा वर्ग वेगळा आहे. ज्या वास्तूशी शहराचा रोजचा संबंध नाही, तिच्या गळक्या छतासाठी कुणी आवाज उठवत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास आणि ग्वाल्हेरचा जयविलास राजघराण्यांच्या हातात आहेत. तिथे आलेला पैसा त्याच वास्तूवर लावायचा की नाही, हे घरातच ठरतं. लालबाग सरकारकडे आहे. इथलं भाडं थेट खजिन्यात गेलं तर मेळ्याचा बागेला काडीचा उपयोग नाही. पण यावर उपाय इंदुरातच निघालेला आहे. रोगी कल्याण समितीची कल्पना नव्वदच्या दशकात आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातच आकाराला आली: रुग्णालयात जमा झालेलं शुल्क त्याच रुग्णालयात खर्च करायचं. लालबागेलाही तशी समिती हवी. भाड्याचं वेगळं खातं, परत करायची अनामत वेगळी, आणि मेळ्याआधी व नंतर त्याच जागांवरून काढलेले फोटो, म्हणजे अनामत कापताना वाद नको.

शिसं_आणि_काच

जमिनीवर बोलणं झालं, इमारतीबद्दल कुणीच बोललं नाही. म्हणून लिहितो.

रंगीत काचांच्या खिडक्या शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या असतात आणि पट्टी व काच यांच्यामधल्या फटीत लांबी (पुट्टी) भरलेली असते. शंभर वर्षांत लांबी सुकून भुकटी होते, शिसं स्वतःच्या वजनाने खाली बसतं, तावदान फुगतं. बोटाच्या पेराने हलकंच टकटक करा: घट्ट काच मंद वाजते, सैल काच खुळखुळते. अशा तावदानासमोर मोठे बास स्पीकर लावले तर काच फुटत नाही, पण उरलीसुरली लांबी झडते आणि पुढच्या वादळात तावदान बाहेर येतं. छताच्या गिलाव्यातल्या उठावाच्या नक्षीचंही तसंच. आधीच पोकळ झालेला तुकडा हादऱ्याने सुटतो.

जर्मन मानक डीआयएन ४१५० नाजूक जुन्या इमारतींसाठी पायाशी कंपनाची मर्यादा सेकंदाला ३ मिमी धरतं, तीही १ ते १० हर्ट्झच्या संथ कंपनांना आणि थोड्या वेळापुरती. रात्रभर चालणाऱ्या कंपनाला त्याहून कडक मर्यादा हवी. पण स्पीकरचा हादरा बहुतेक हवेतून थेट तावदानावर येतो, तो पायाशी मोजून कळत नाही. तेव्हा रंगमंच असा बांधावा की स्पीकरची पाठ राजवाड्याकडे असेल. पण बासला दिशा फारशी नसते, तो मागेही पसरतो. त्यामुळे अंतर आणि आवाजाची पातळी, दोन्ही करारात लिहिलेली हवीत. भिंतींतल्या जुन्या भेगांवर जिप्समने काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग हलली.

नारायणबाग

मग आवाजाचे कार्यक्रम बाहेर नकोत, तर छोट्या मैफली आत नाचघरात का घेऊ नयेत? जमीन तर मुळात नाचासाठीच, स्प्रिंगवर बसवलेली लाकडी आहे असं सांगतात.

शिसं_आणि_काच

म्हणूनच नको. दाटीवाटीने बसलेली माणसं, चौरस मीटरला चार धरली, तर २८० किलो भार होतो. आधारांची आजची ताकद तपासल्याशिवाय तो टाकणं धोक्याचं आहे. त्यातच टाळ्या आणि ठेका सुरू झाला की सेकंदाला दोन-तीन या गतीने सगळे एकदम हलतात आणि लवचिक जमिनीला नेमकी तीच लय झेपत नाही. बुटांना चिकटून आलेली रेती लाकडाची झिलई खरवडते ते निराळंच. नाचघर दोरीच्या अलीकडून बघायचं दालन आहे, तसंच राहू द्या.

काळी_माती

मांडवाबद्दल एक राहिलं. टेंटवाले मीटरभर लांबीचे लोखंडी खुंट ठोकतात. त्यांनी मुळं तुटतात, जुने पाण्याचे नळ फुटतात, आणि फुटलेला नळ राजवाड्याच्या जोत्याजवळ असला तर काळी माती एका बाजूने फुगून भिंतीला भेग पाडते. म्हणून खुंट बंद, वजनं लावा. पण वजन हिशेबाने. ताशी ७२ किमीच्या वावटळीत दर चौरस मीटरला सुमारे २४ किलोचा रेटा बसतो. ६ बाय ३ मीटरच्या एका कनातीवर सुमारे ४३० किलो झाले. घर्षणावर तोलायचं तर दुपटीहून जास्त वजन लागतं, म्हणजे २०० लिटरची पाण्याने भरलेली पाच पिंपं. टेंटवाले दोन ठेवतात आणि मे महिन्याच्या आंधीत कनात उडते. ही पिंपं मुळांच्या घेराबाहेरच ठेवायची.

चालायच्या वाटांवर लाकडाचा भुसा पसरायचा सल्ला इंग्रजी बागकामात सर्रास मिळतो. आपल्याकडे मे महिन्यात, भट्ट्यांच्या शेजारी, तो कधीही करू नये. १९८४ मध्ये शहरातला होळकरांचा जुना राजवाडा जळाला, ते शहर विसरलेलं नाही. भुशाऐवजी झाडाच्या घेराभोवती कुंपण घाला आणि गाड्यांच्या वाटेवर पोलादी पत्रे टाका.

तुकोगंजकर

टँकरचा मुद्दा मान्य. मे महिन्यातल्या मेळ्यावरचा माझा विरोध या अटींवर मागे घेतो.

पण थंडीतल्या मेळ्यांवरचा नाही, आणि तुमच्याच युक्तिवादाने. माळव्यात हरभरा आणि गहू पिढ्यानपिढ्या पावसाळ्यानंतरच्या ओलीवरच निघत आले, कारण काळी माती ते पाणी महिनोन्महिने धरून ठेवते. वर कोरडी दिसणारी जमीन डिसेंबरात १५ सेंमीखाली ओलीच असते. म्हणजे लोकांना हवा आवडते त्या दिवसांत जमीन सगळ्यात कच्ची. त्यानंतर गवताला सावरायला पाऊस थेट जूनच्या मध्यावर.

काळी_माती

हे बरोबर आहे, आणि त्यामुळे माझी अट मी जास्त कडक करतो. तारीख पंचांगावरून ठरवू नये. मेळ्याच्या आठवडाभर आधी आवारात दहा ठिकाणची माती वळून बघायची. दोन ठिकाणीसुद्धा वळी न तुटता झाली तर गाड्या फाटकाबाहेर, सामान हातगाडीने आत. आयोजकाला परवडत नसेल तर मेळा पुढे ढकलायचा. आणि जिथे आधीच दबलं आहे तिथे जुलै उजाडायच्या आत झाडांच्या घेरात ५ सेंमी रुंद, ४० सेंमी खोल भोकं दर ६० सेंमीवर हातगिरमिटाने पाडून कुजलेलं शेणखत भरायचं. गिरमिट मुळाला लागलं तर तिथे थांबायचं आणि वीतभर बाजूला सरकायचं. हा खर्च अनामतीतून.

रामबागची_रहिवासी

अनामतीतून नको. अनामत आयोजकाने केलेल्या नुकसानीची. जुनं दबलेलं सोडवायचा खर्च भाड्याच्या खात्यातून, नाहीतर पहिल्याच वर्षी प्रत्येक आयोजक म्हणेल, हे माझ्या आधीचं आहे.